‘करण्यात यावे’, पण कोणी?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

“खेड्यातल्या अनुदानित माध्यमिक शाळेत मी नववी-दहावीला मराठी आणि इतिहास-राज्यशास्त्र असे दोन्ही विषय शिकवते. नववीत ४४ मुलं आहेत. राज्यशास्त्राची उत्तरं सगळे गाईडातून उतरवतात. ‘सार्वभौम’ म्हणजे काय, असं विचारलं की माना खाली. दहा-बारा जणांना तर धड्यातला परिच्छेदही धड वाचता येत नाही. वाचन-लेखन आणि नागरिकशास्त्र एकत्र शिकवावं असं मनात आहे. पण मुख्याध्यापक म्हणतात, आधी पोर्शन संपवा. गावातले कागद वर्गात आणले तर मॅडम राजकारण करतात असं कोणी म्हणेल, ही भीती वेगळीच. त्यात दिवाळीनंतर पोरं कापूस वेचायला गेली की वर्ग अर्धा रिकामा. सुरुवात कुठून करू?”

ताई, नमस्कार.

दोन्ही विषय तुमच्याच हातात आहेत, हे नशीब समजा. शिक्षक दोन असले की निम्मी ताकद तासिकांची अदलाबदल करण्यातच जाते.

सुरुवात एका वाक्यापासून करा. ‘नादुरुस्त हातपंपाची तात्काळ दुरुस्ती करण्यात यावी.’ हे फळ्यावर लिहा आणि एवढंच विचारा: दुरुस्ती कोण करणार? वर्ग आधी गप्प बसेल. मग कोणी ‘सरपंच’ म्हणेल, कोणी ‘सरकार’, कोणी ‘मिस्त्री’. तिघांनाही सांगा, वाक्यात बोट ठेवून दाखव. दाखवता येणार नाही, कारण वाक्यात करणारा नाहीच. ‘ठरविण्यात आले’, ‘कळविण्यात येते’, ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ ही आपल्या कागदी मराठीची जुनी खोड आहे. तिच्यात काम दिसतं, करणारा दिसत नाही. व्याकरणाच्या तासाला आपण त्याला कर्ता म्हणतो, नागरिकशास्त्राच्या तासाला जबाबदार यंत्रणा. शोधायचा माणूस एकच. (हातपंपाचंच बघा. पंप गावातला, पण दुरुस्तीचं पथक बहुधा पंचायत समितीकडे असतं आणि ग्रामपंचायतीनं त्यांना कळवायचं असतं. वर्गातल्या तिन्ही उत्तरांत हे आलं नव्हतं.)

म्हणून वर्षभर कोणताही कागद हाती घ्या, प्रश्न चारच ठेवा: कोण करणार? काय करणार? कधीपर्यंत? कोणत्या पैशातून? भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवा. पाचवा प्रश्न वाढवायचा मोह होईल, तो आवरा.

हे सुरू करण्याआधी दोन-अडीच तासिका मोजणीसाठी काढा. सहावीच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ग्रामीण स्थानिक शासन संस्थांवर धडा आहे, त्यातला साधारण १०० शब्दांचा उतारा निवडा. एकेकाला टेबलाजवळ बोलवा, बाकीच्यांना लेखी काम द्या. सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचायला लावू नका. नववीतलं पोरगं एकदा हसं झालं की वर्षभर तोंड उघडत नाही. एक मिनिट वाचू द्या आणि अडलेले शब्द तुमच्या प्रतीवर खुणा करून मोजा. मग दोन प्रश्न विचारा. पहिल्याचं उत्तर उताऱ्यात सरळ असावं, दुसरा ‘हे काम कोणाचं?’ असा असावा. शंभरात दहापेक्षा जास्त शब्द अडले तर तो उतारा त्या मुलाला जड आहे, असं धरा.

मोजणीनंतर मुलांचे तीन प्रकार दिसतील. काहींचं अक्षरच जुळत नाही. काही सफाईनं वाचतात, पण वाचलेलं डोक्यात उतरत नाही. ही संख्या सगळ्यात मोठी निघते आणि तीच नजरेतून सुटते, कारण वाचताना ही मुलं हुशार वाटतात. आणि काहींना समजतं, तोंडी सांगताही येतं, पण लिहायला बसवलं की तीन शब्दांवर गाडी थांबते. तुमच्या पत्रातले दहा-बारा जण पहिल्या प्रकारातले आहेत. गाईड उतरवणारे बहुतेक दुसऱ्या प्रकारातले. औषध वेगवेगळं लागेल.

आधी सगळ्यांसाठी एक तासिका उद्देशिकेवर घाला. परिपाठात रोज म्हणतात, पाठ आहे, आणि तरी ‘सार्वभौम’ला माना खाली जातात. त्याचं कारण म्हणजे उद्देशिका हे एकच लांबलचक वाक्य आहे आणि मुलांनी ते वाक्य म्हणून कधी पाहिलेलंच नाही. नऊ पट्ट्या करा: ‘आम्ही, भारताचे लोक’, गणराज्य घडविण्याचा भाग, न्याय, स्वातंत्र्य, समानता, ‘निश्चितपणे प्राप्त करून देण्याचा’, बंधुता प्रवर्धित करण्याचा भाग, ‘संकल्पपूर्वक निर्धार करून’, आणि शेवटचा ‘हे संविधान अंगीकृत आणि अधिनियमित करून स्वतःप्रत अर्पण करीत आहोत’. पट्ट्या उलटसुलट करून गटांना द्या आणि क्रियापद शोधायला सांगा. ते थेट शेवटी सापडतं. कर्ता विचारा, तो अगदी पहिला शब्द आहे: आम्ही. मग विचारा, ‘घडविण्याचा’ काय? इथे मुलं अडतात. ‘घडविण्याचा’, ‘प्राप्त करून देण्याचा’, ‘प्रवर्धित करण्याचा’ हे तिन्ही ‘-ण्याचा’ एकाच ‘निर्धार’ला लटकले आहेत, हे दिसलं की सगळं वाक्य सुटतं. शेवटी विचारा, अर्पण कोणाला? ‘स्वतःप्रत’. देणारे आम्ही, घेणारेही आम्हीच. ‘सार्वभौम’चा अर्थ इथेच हाती लागतो: ज्याच्यावर दुसरा धनी नाही तो. व्याख्या पाठ करून घ्यायची गरज राहत नाही.

याच तासाच्या शेवटी पाच मिनिटं उरली तर गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाची घोषणा फळ्यावर लिहा: ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली सामूहिक वनहक्क पदरात पाडून घेणाऱ्या देशातल्या पहिल्या काही गावांत हे गाव २००९ साली होतं. पण वर्गासाठी खरी गंमत ‘आमचे’ आणि ‘आम्हीच’ या दोन शब्दांत आहे. तो ‘च’ काढून वाक्य वाचायला लावा आणि काय हरवलं ते विचारा.

आता मुख्य काम. एका कागदाला चार तासिका द्या आणि महिन्याला एकच कागद घ्या. पहिला कागद ग्रामसभेची नोटीस घ्या, कारण तिच्यात कोणाचं खाजगी काही नसतं. नोटीस मिळाली नाही तर अशी तयार करा:

‘सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, दि. २ ऑक्टोबर रोजी सकाळी ११ वाजता ग्रामपंचायत कार्यालयासमोर ग्रामसभा आयोजित करण्यात आली आहे. सभेपुढील विषय: १) मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. २) जमाखर्चास मंजुरी देणे. ३) पाणीपुरवठ्याबाबत विचारविनिमय करणे. ४) मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास पुढील तारीख कळविण्यात येईल.’

चार मुलांत एक प्रत पुरते, म्हणजे ११ झेरॉक्स. तेही नको असेल तर खाकी कागदावर मार्करनं लिहा. अक्षर पाच सेंटिमीटर उंच हवं, नाहीतर मागचे दोन बाक नुसते मान हलवतात.

पहिल्या तासिकेत फक्त वाचन. आधी तुम्ही वाचा, मग वर्ग तुमच्यामागे, मग जोडीनं. नवे शब्द आठच्या वर घेऊ नका: इतिवृत्त, कायम करणे, मंजुरी, विचारविनिमय, आयत्या वेळी, गणपूर्ती, तहकूब, ग्रामस्थ. यातले कठीण दिसणारे शब्द खरे त्रास देत नाहीत. फसवतात ते ओळखीचे. ‘कायम करणे’ म्हणजे नोकरीत पर्मनंट करणे, असं मुलं सांगतील. ‘आयत्या वेळी’ला ‘आयतं’ म्हणजे फुकटचं समजतील. हसू द्या, आणि मागच्या सभेत जे लिहिलं ते बरोबर आहे असं सभेनं मान्य करणं म्हणजे कायम करणं, हे तिथेच सांगा. प्रत्येक शब्द मुलांनी आधी आपल्या बोलीत सांगायचा. ‘तहकूब म्हंजे आज नाई होत, मंग घेऊ’ हे उत्तर पूर्ण बरोबर आहे.

दुसरी तासिका चार प्रश्नांची. गट करून प्रत्येक ‘-ण्यात’ खाली रेघ मारायला लावा आणि शेजारी करणाऱ्याचं नाव लिहायला सांगा. कळविण्यात येते, कोणी कळवलं? आयोजित करण्यात आली, कोणी केली? मंजुरी देणे, कोणी द्यायची? शेवटच्याचं उत्तर ‘सरपंच’ येईल. ते चूक आहे. मंजुरी सभा देते, म्हणजे मतदार यादीत नाव असलेले गावकरी; सरपंच फक्त अध्यक्षपदी बसतो. मुलांच्या आईबापांचं नाव कर्त्याच्या जागी येतं तेव्हा वर्गातली हवा बदलते, हे ध्यानात ठेवून त्या प्रश्नाला वेळ द्या.

मग नियम, पण आकड्यांसकट. आपल्या राज्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. रूढ तारखा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. नोटीस सात दिवस आधी लागते. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. गणपूर्ती म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. इथे गणित करून घ्या: ६०० मतदारांच्या गावात ९० माणसं हवीत; १२०० मतदारांच्या गावात १५ टक्के १८० होतात, पण १०० पुरतात. ‘यातलं जे कमी’ हे तीन शब्द वाचताना निम्मी मुलं गाळतात आणि १८० लिहितात. सरकारी वाक्यातला सगळा अर्थ बहुधा अशाच शेपटीत असतो. आणि गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्तीची अट नाही. याचा परिणाम काय होईल, हे मुलांनाच बोलू द्या. गाव तुमच्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

तिसरी तासिका सभेची. ४४ च्या वर्गाला १५ टक्के म्हणजे सातांची गणपूर्ती. नोटीस खरंच सात दिवस आधी वर्गाच्या दारावर लावा. आदल्या दिवशी मुलींची सभा दहा मिनिटं घ्या. तिच्यात ठरलेलं दुसऱ्या दिवशी वाचून दाखवायचं. विषय वर्गाचेच ठेवा: पंखा, पिण्याच्या पाण्याची टाकी, मधल्या सुट्टीतला कचरा. प्रत्येक विषयाला पाच मिनिटं, विषय तीनच. ठरावाला सूचक (मांडणारा) आणि अनुमोदक (दुजोरा देणारा) हवाच. इतिवृत्त लिहायला एक नको, दोन मुलं बसवा, एकमेकांपासून लांब. सभा संपली की दोन्ही इतिवृत्तं वाचा. ती जुळणार नाहीत. एकानं ‘सर्वानुमते’ लिहिलं असेल आणि दुसऱ्याला आठवत असेल की तीन पोट्टे नाही म्हणत होते. मग ‘सर्वानुमते’ की ‘बहुमताने’, आणि विरोध करणाऱ्यांचं म्हणणं कागदावर यायला हवं की नको, यावर जो वाद होईल तो संपेपर्यंत घंटा झाली तरी चालेल. ‘मत’ शब्दाचं सगळं कुटुंब त्याच दिवशी फळ्यावर मांडा: मतदार, मतदान, मतदारसंघ, एकमत, बहुमत, सहमत, मतभेद, सर्वानुमते.

चौथी तासिका लेखनाची. ठरावातलं एक काम घेऊन अर्ज लिहायचा. पहिला मसुदा बोलीतच येऊ द्या. ‘आमच्या गावातली बोरिंग बंद हाय, लय दिवस झाले, पानी आनाले दूर जा लागते’ यात वस्तुस्थिती पूर्ण आहे. याला अशुद्ध म्हणून तांबडी रेघ मारलीत तर तिसऱ्या प्रकारातलं मूल तिथेच लेखणी ठेवतं. त्याऐवजी विचारा: किती दिवस झाले? दूर म्हणजे किती? मग दुसरा मसुदा: ‘आमच्या गावातील विंधन विहीर १५ दिवसांपासून बंद आहे. पाण्यासाठी दीड किलोमीटर जावे लागते.’ बोली गेली म्हणून दुसरं वाक्य वजनदार झालं असं नाही. ‘लय दिवस’च्या जागी १५ आलं म्हणून झालं. हा फरक मुलांना दाखवणं फार महत्त्वाचं. घरी गोंडी, कोलामी किंवा बंजारा बोलणाऱ्या मुलांचं लिंग-वचन मराठीत घसरतं. पहिल्या तीन महिन्यांत त्याला हात लावू नका.

अर्ज तपासायला दहा गुण असे वाटा: पत्ता योग्य अधिकाऱ्याचा असेल तर दोन, विषय एका ओळीत एक, आकड्यासह वस्तुस्थिती तीन, मागणी एकच आणि कर्त्यासह असेल तर दोन, तारीख-सही-मांडणी एक, आणि त्या पाठातले आठ शब्द शुद्ध असतील तर एक. शुद्धलेखनाचं माप फक्त त्या आठ शब्दांना. बाकीच्या चुका मनात ठेवा, पुढच्या महिन्यात त्यातलेच आठ घ्या.

मुलं सगळ्यात जास्त गुण पत्त्यावर गमावतात. प्रत्येक अर्ज ती सरपंचाला नाहीतर थेट मुख्यमंत्र्यांना लिहितात. एसटीची वेळ बदलायची तर आगार व्यवस्थापक, डीपी जळाली तर महावितरणचं जवळचं कार्यालय, रेशनची तक्रार तहसीलच्या पुरवठा शाखेकडे, सातबाऱ्यासाठी तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. रस्त्याच्या बाबतीत आधी तो जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा हे शोधावं लागतं, आणि ते मोठ्यांनाही पटकन सांगता येत नाही. असा ‘कोणाचं काय’ तक्ता मुलांनीच वर्षभर भरत न्यावा. तुम्ही तयार करून लावलात तर कोणी वाचणार नाही.

दहावीला, किंवा नववीतल्या सरसावलेल्या मुलांना, माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला द्या. कायदा २००५ चा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. पण आपल्या राज्याच्या नियमात एक अट आहे, ती भाषेच्या शिक्षकासाठी जणू मुद्दाम केल्यासारखी: अर्ज एकाच विषयाचा हवा आणि १५० शब्दांत बसायला हवा. सारांशलेखनाला याहून चांगला उतारा मिळायचा नाही. मुलं पहिल्या झटक्यात ‘आमच्या गावाचा रस्ता का केला नाही?’ असं लिहितात. ‘का’ला उत्तर मिळत नाही, कारण मागता येते ती कागदावर असलेली माहिती. ‘का’ खोडून ‘किती रक्कम मंजूर झाली, कोणत्या तारखेला, मोजमाप पुस्तिकेची प्रत द्यावी’ असं करायला शिकवा. हा अर्ज वर्गात लिहायचा, तपासायचा आणि वहीत ठेवायचा. पाठवायचा नाही.

नववीच्या राज्यशास्त्रात गाव कुठेच नाही, सगळं परराष्ट्र धोरण आणि संयुक्त राष्ट्रं, ही अडचण तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण ती येणारच. तिथे ‘ठराव’ हाच शब्द पूल होतो. ग्रामसभेत ठराव होतो आणि सुरक्षा परिषदेतही ठरावच होतो. १५ खुर्च्या मांडा. पाच कायम सदस्य, म्हणजे अमेरिका, रशिया, चीन, फ्रान्स आणि ब्रिटन, दहा अस्थायी. ठराव मांडा, हात वर करायला सांगा. मंजुरीला नऊ मतं लागतात. मग चौदा हात वर असताना एका कायम सदस्याला ‘नाही’ म्हणायला लावा आणि ठराव पडला असं जाहीर करा. पोरं चिडतात. त्या चिडीतच लिहायला बसवा: ग्रामसभेत एकाच्या नकारानं ठराव पडतो का? इथे का पडतो? दहा ओळी. नकाराधिकारावरचं गाईडातलं उत्तर यापुढे फिकं पडतं.

अक्षर न जुळणाऱ्या दहा-बारा जणांसाठी रोजची दहा मिनिटं वेगळी काढावीच लागतील, सहा आठवडे. नवसाक्षरांची गोष्टीची पुस्तकं त्यांना देऊ नका, नववीतल्या मुलाला त्यात कमीपणा वाटतो. शब्द राज्यशास्त्राचेच ठेवा, पण ‘र’ पकडून. या विषयाची निम्मी अडचण ‘र’ची आहे: सार्वभौम, कार्यकारी, निर्णय, सर्वोच्च यांत तो डोक्यावर रफार होऊन बसतो आणि ज्या अक्षरावर दिसतो त्याच्या आधी उच्चारायचा असतो, ग्राम, प्रतिनिधी, प्रभाग यांत पोटात जातो, राष्ट्र, राष्ट्रपती यांत ‘ट’च्या खाली लपतो. तीस कार्डं करा, दहा-दहाच्या तीन गठ्ठ्यांत. शब्द आधी हातानं तोडायचा, सा-र्व-भौ-म, मग जोडायचा, मग त्याच दिवशीच्या नोटिशीत शोधायचा. शोधणं सोडू नका. कार्डावर ओळखलेला शब्द वाक्यात ओळखता येतोच असं नाही. सभेत या मुलांना सूचक करा. बोलण्यात ती मागे नसतात, आणि आपण मांडलेला ठराव इतिवृत्तात वाचताना शब्द आपोआप पुढे सरकतात.

राजकारणाच्या भीतीबद्दल. ती खोटी नाही. गावात पार्ट्या असतात आणि संस्थेतही असतात. म्हणून गावातला चालू वाद वर्गात घेऊ नका, जुनं इतिवृत्त घ्या, तेही नावं झाकून. नाव, आधार क्रमांक, गट क्रमांक, जात यांवर मार्कर फिरवा आणि मग त्या कागदाची झेरॉक्स वापरा. नुसता मार्कर फिरवलेला कागद उजेडात धरला की खालचं वाचता येतं. रेशनची पावती शिकवायची तर एकच पावती तुम्ही आणा. ‘तुमचं कार्ड पिवळं की केशरी’ हा प्रश्न वर्गात कधीही विचारू नका. अंत्योदयला महिन्याला कुटुंबामागे ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, हा हिशोब एका पावतीवरही समजतो. मतदानाचा खेळ घेतलात तर चिन्हं तिफण, डवरं, पाटी अशी घ्या. मात्र कोणत्याही पक्षाच्या चिन्हाशी जुळणारं काही त्यात येत नाही ना, हे आधी पाहा. आणि मुलांना खरी ग्रामसभा दाखवायची असेल तर आधी सरपंचांशी स्वतः बोला. मुलं सभेची सदस्य नसतात, मागे बसून ऐकतील आणि टिपणं घेतील, एवढंच सांगा. परत आल्यावर कोण काय म्हणालं यावर चर्चा नको, नोटिशीतले किती विषय झाले आणि किती राहिले एवढंच मोजा.

मुख्याध्यापकांना पोर्शनच्या भाषेत सांगा. दहावीच्या मराठीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत. पत्रलेखन, सारांश, बातमी ही सगळी त्यातच येतात. महिन्याच्या चार तासिकांपैकी दोन त्या खात्यातून काढा, दोन राज्यशास्त्रातून. टाचणवहीत दोन्हीकडे नोंद करा. कोणता कागद कोणत्या आठवड्यात घेणार, हे एका पानावर लिहून त्यांची सही घ्या; पुढे कोणी विचारलं तर ते पान पुरतं.

आणि वेळापत्रक पिकाप्रमाणे लावा. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडते. जुलैचा पहिला पंधरवडा मोजणी आणि उद्देशिकेत जाईल. त्यानंतर सप्टेंबर संपेपर्यंत चार तासिकांचे दोन कागद निवांत होतात. ग्रामसभेची नोटीस ऑगस्टमध्येच उरकून घ्या. पुढे सोयाबीनची सोंगणी लागली की चार तासिकांची साखळी तुटते, कारण तिसऱ्या तासिकेला पहिल्या तासिकेची मुलं नसतात. तेव्हा एका तासिकेत संपणारेच पाठ ठेवा: रेशनची पावती, लाईट बिल, एसटी पासचा अर्ज. डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा वर्तमानपत्रातली एकच बातमी कापून लावा आणि ‘आश्वासन दिले’ या शब्दांखाली रेघ मारून चार प्रश्न विचारा. तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाला बहुधा उत्तर सापडत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी नवं काही सुरू करू नका.

वेचणीहून परतलेल्या मुलाला ‘तू इतके पाठ बुडवलेस’ असं म्हणून बसवू नका. घरचा कापूस विकला असेल तर वजनकाट्याची पावती त्याला ओळखीची असते: वजन, दर, कपात, हातात आलेली रक्कम. नावं झाकून एखादी पावती फळ्यावर उतरवा आणि त्या दिवशी वाचून दाखवायचं काम त्यालाच द्या. ‘कपात’च्या ओळीवर आल्यावर वर्गातलं कोणीतरी भिंतीवरचा पहिला प्रश्न विचारेल. कोणी विचारला नाही तर तुम्ही विचारा.